चार बोटांची कॉलर

पुण्याहून कुणी पोरगा गावाकडं आला, की सिरसाळ्यातली माणसं त्याला पगार विचारतात, लग्नाचं विचारतात, तिकडं पाण्याचं कसंय ते विचारतात. बन्सीनाना यातलं काहीच विचारत नाहीत. धोतर, पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, गळ्यात माळ, वय सत्तरीच्या घरात, आणि हा माणूस त्या पोराला दंडाला धरून बाजूला घेतो आणि हळू आवाजात विचारतो, "आरं, रातच्याला क्लबात काय घालायलेत सध्या?"

पोरगं चरकतं. आईची शपथ घेऊन सांगतं, की नाना, मी तसल्या ठिकाणी जात नाही. त्यावर नाना म्हणतात, "जाऊ नगंच. पर दारावरून येता-जाता नजर तर पडली आसंल? कॉलर किती बोटं हुती तेवढं सांग."

आता हे ऐकल्यावर सरळ माणसाच्या मनातसुद्धा पाल चुकचुकेल. आणि मी तर सरळ माणूस नाही, मी दुकानदार आहे. बसस्टँडच्या मागं माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे आणि संशय हेच माझं पहिलं भांडवल. ट्रायल रूममध्ये एक पँट घालून गेलेलं गिऱ्हाईक दोन घालून बाहेर आलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. माझी बायको लता म्हणते, "तुम्ही देवाच्या पाया पडतानासुद्धा एक डोळा चपलांवर ठेवता." ठेवतो की. चपला जातात म्हणून ठेवतो.

नाना माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहतात. मूळचे शिरूर कासारकडचे. तरुणपणी नवरा-बायको दोघं कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. पुढं गुडघ्यांनी जवाब दिला तसं ते सोडून इथं कापसाच्या जिनिंगवर रखवालदार झाले, आता तेही सोडून घरी असतात. एक लेक होती ती लग्न होऊन नांदायला गेली. घरात दोघंच, नाना आणि साळूकाकू. काकूंना अलीकडं नीट दिसत नाही, म्हणून पाणी भरण्यापासून भाकरीच्या पिठापर्यंत सगळं नानाच बघतात. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. म्हणूनच मला जास्त संशय. ज्याची खोट वर दिसत नाही त्याची आत खोल असते, असं माझं आपलं मत आहे.

दर बाजाराच्या दिवशी नाना दुकानात हजर. चपला बाहेर काढून येतात. स्टुलावर बसत नाहीत, चहा घेत नाहीत, आणि इतक्या वर्षांत माझ्याकडून एक हातरुमालसुद्धा घेतलेला नाही. सरळ पुतळ्यापाशी जायचं, पुतळ्याच्या अंगावर नवा शर्ट असेल त्याच्या कॉलरकडं मान तिरकी करून बघायचं, आणि मला हाक मारायची.

"सुधाकर, जरा बोटं लाव बरं."

"तुमचीच लावा की नाना."

"मपली जाड हायती. कोयता धरून धरून सुजली ती तशीच ऱ्हायली. तुजी कशी बारीक हायती, बाईमानसागत. लाव."

हे सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बरं का. मी आपला दात ओठ खात कॉलरच्या टोकाला बोटं लावतो. आडवी, एकावर एक, नाना सांगतील तशी. नाना डोळे बारीक करून बघतात.

"आडीच. मागल्या बाजारी दोनच हुती. निगाली हाय सुधाकर, निगाली हाय."

"काय निघालीय?"

"फॅशन."

नानांचं फॅशनचं एक शास्त्र आहे, ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मला झोपेतसुद्धा म्हणता येईल. "फॅशन म्हंजी यष्टी हाय बग. क्लबातून सुटती. तितून पिच्चरात, पिच्चरातून पुन्याला, पुन्याहून नगरला. मंग मांजरसुंब्याला चहाला थांबती. तितं ढाब्यावर डायवर-किलनरच्या अंगावर आदी दिसती, म्या बगितलंय. तितून बीड. आन् बीडहून सुटली की आपल्या सिरसाळ्यावरून जाती, पर थांबत न्हाई! भुर्रकन परळीला जाती. परळीत उतरली की मंग कवातरी माघारी आपल्याकडं येती. तवर तिकडं क्लबात दुसरी गाडी लागलेली आसती."

"आणि एकदा गेली की गेली?"

"हितंच लोकं चुकत्यात बे! यष्टी हाय ती. गेलेली गाडी फिरून येतीच. फकस्त येळ कुनाला ठावं नसतीय."

यातलं खोटं काही काढता येत नाही, हीच तर पंचाईत. मी गल्ल्यावर बसून हेच बघत आलोय. पँटी इतक्या घट्ट झाल्या होत्या, की ट्रायल रूममधून पोरं ओरडायची, 'भाऊ, ओढा!' आता त्या इतक्या ढगळ आल्यात की एकीत दोन भावंडं मावतील. फाटकी जीन्स पहिल्यांदा आली तेव्हा नाना पुतळ्यापुढं कितीतरी वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "आमची फडात फाटायची तवा कुनी क्लबात घेतलं न्हाई." लताचंही तेच. तिच्या आजीच्या चोळीला फुग्याच्या बाह्या होत्या, आईनं त्या हसण्यावारी नेल्या, आणि आता आमची लेक तसल्या बाह्यांसाठी रुसून बसते.

पण शास्त्र खरं असलं म्हणून शास्त्री खरा होत नाही. माणूस विकत काही घेत नाही, आणि दर बाजारी माझ्या मालाचं माप घेऊन जातो. कुणासाठी? रस्त्यापलीकडं अजून एक रेडिमेडचं दुकान आहे. त्याचं नाव मी दुकानात बसून घेत नाही. माझ्या पुतळ्यावर आज जे चढतं ते चार दिवसांत त्याच्या पुतळ्यावर असतं. मी मनाशी पक्कं केलं, की नाना त्याचा माणूस आहे.

त्यात गणेशचं प्रकरण झालं. गणेश म्हणजे माझ्या शेजारच्या हार्डवेअरवाल्या रंगनाथतात्यांचा पोरगा. पुण्यात एका क्लबच्या दारात बाउन्सर आहे. अंगानं दरवाजा आणि स्वभावानं गाय. साखरपुड्यासाठी गावी आला होता आणि माझ्याकडं शर्ट बघत होता. तेवढ्यात नाना आले. साक्षात क्लबातला माणूस समोर बघून त्यांनी टोपी सरळ केली.

"गनेशा, कॉलर?"

"मोठ्या आल्यात नाना. जुनं परत आलंय म्हणत्यात सगळे. वरची बटनं उघडी, कॉलर अशी पसरट."

"कापड?"

"चमकतं."

"चमकतंच कावून घालत्यात रं?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. गणेशनं डोकं खाजवलं. "आत अंधार आसतो ना नाना. एक लाइट नुसता गरगर फिरत आसतो. साधं कापड घातलं तर मानूस दिसतच न्हाई. चमकतं घातलं की लाइट पडला की चमकतो. मानूस मानसाला दिसावा म्हणून आसंल."

नाना जवळ सरकले. मग पुन्हा विचारलं, "आंधारात दिसतो?"

"दिसतो की. लांबून दिसतो."

नानांनी गणेशचा हात धरला. "तुजं लगीन कवा हाय?"

"दिवाळी झाल्यावर."

"येवढं लांब? आरं दिवाळीनंतर आर्धा गाव ऊसाला गेल्याला आसतो. वरातीत काय बुजगावनी नाचवनार हाईस का? उनाळ्यात कर. आन् क्लबातले तुजे सोबती येत्याल का?"

"येतील की."

"मंग लवकर कर. उगं लांबन लावू नगं."

नाना गेले. गणेश माझ्याकडं झुकून म्हणाला, "भाऊ, म्हाताऱ्याचं काही लफडं तर न्हाई ना?" मी म्हटलं, असणारच. कारण नाना तिथून थेट रंगनाथतात्यांकडं गेले, ऊसतोडीचं गणित त्यांच्या गळी उतरवलं, आणि संध्याकाळपर्यंत पंचांग उघडायला लावून लग्न उन्हाळ्यात आणलं. आपल्या घरचं लग्न नाही, आणि एवढी घाई! शिवाय रंगनाथतात्या आणि नाना एकाच भावकीतले असले, तरी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. मला रात्री जेवण गेलं नाही.

मग मी डाव टाकला. गोडाऊनमध्ये बिनकॉलरचे, नुसती पट्टी असलेले शर्ट कधीचे पडून होते. ते सगळे काढले आणि दुकानभर लावले. पुतळ्यालाही तोच. म्हटलं, जाऊ दे आता बातमी पलीकडं, आणू दे त्यालाही गाडीभर पट्टीचे शर्ट, मग बसेल बोंबलत.

बाजाराच्या दिवशी नाना आले. पुतळ्यापुढं उभे राहिले. मान तिरकी केली, मग सरळ केली. दुसरा शर्ट बघितला, तिसरा बघितला.

"कॉलरच न्हाई!"

"हीच चालू आहे आता नाना," मी म्हटलं. "पुण्यात सगळीकडं हीच."

"गनेश तर मोठी म्हनला हुता."

"ते मागच्या महिन्यात. आता बदललं."

"माघारी फिरली का रं गाडी?"

मी म्हटलं, "फिरली."

नानांनी पुतळ्याच्या गळ्याला हात लावून बघितला, जणू कॉलर आत दुमडलीय की काय. मग निघाले. डाव्या पायात माझीच एक चप्पल घालून गेले. ती मी हाक मारून परत घेतली.

पुढच्या बाजारी नाना आले नाहीत. पलीकडच्या दुकानात एकही पट्टीचा शर्ट लागला नाही. इकडं लता काकूंकडून आली ती तणतणतच. "नाना आठ दिस झाले नीट जेवले न्हाईत. काकू म्हणल्या, कॉलर गेली म्हणत्यात आणि भिंतीकडं तोंड करून निजत्यात. काय सांगितलं तुम्ही त्यांना?"

मी सांगितलं. लतानं कपाळाला हात लावला. "अहो, सत्तरीचा म्हातारा! त्याला फसवून काय मिळवलंत? माझी शप्पत, आत्ताच्या आत्ता जा."

बायकोची शपथ मोडता येते, तोंड चुकवता येत नाही. त्यातल्या त्यात मोठ्या कॉलरचा एक शर्ट काखोटीला मारून मी नानांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर घर आतून बघावं, काही सुगावा लागतो का पाहावं, हाही विचार होताच.

नाना घरी नव्हते. साळूकाकू उंबऱ्याजवळ बसून डाळ निवडत होत्या. नजर समोर कुठंतरी, आणि बोटं सुपात. खडा आला की बोट तिथंच थांबायचं.

"कोन हाय?"

"मी सुधाकर, काकू. नाना कुठं गेले?"

"परळीला. कॉलरी बगाया. म्हनले, सुधाकरचं काय खरं न्हाई, त्यो लबाड हाय, सोता बगून येतो."

हे बरं झालं. मी पाटावर बसलो आणि विचारलं, "काकू, देवाशपथ खरं सांगा. नानांचं हे कॉलरीचं काय आहे?"

काकू हसल्या. सूप खाली ठेवलं.

"आमच्या लग्नाला दोन सालं झाली आसत्याल. पट्टा पडला, ऊस सरला, कारखाना बंद झाला, आन् आमी टोळीसंगं गावाकडं निगालो. वाटंत एका मोट्या बाजाराला गाडी थांबली. ह्येनी म्हनले, तुला लुगडं घिऊ. म्या बगितलं तर दुकानात एक शर्ट टांगल्याला. वांग्याच्या रंगाचा, आन् त्यात चांदीच्या रेगा. दुकानदार म्हनला, बाई, ह्यो म्हमईत क्लबात घालत्यात, तुमच्याकडं न्हाई चालायचा. म्हनलं, तुमाला काय करायचंय, काडा. कॉलरला बोटं लावून बगितली. चार बोटं पुरी भरली. म्हनलं, ह्योच."

मी माझ्या बोटांकडं बघितलं. बाईमाणसागत बारीक.

"मंग?"

"मंग भावकीत लगीन निगालं. म्या म्हनलं, घाला. ह्येनी घातला. काय सांगू तुला, असा दिसत हुता गडी!" काकूंनी सूप जवळ ओढलं. "मांडवात गेला आन् सगळे हसाया लागले. आला रं आला, बँडवाला आला. आन् हेच रंगनाथतात्या, तवा तरनेताटे हुते, ते मोट्यानं म्हनले, 'बन्सीला बायकोनं नेसवलंय!'"

आमच्याकडं तेव्हा रिवाजच तसा. गड्याचे कपडे गडी आणायचा आणि बायकोचं लुगडंही तोच आणायचा. बायकोनं नवऱ्याचा कपडा पसंत करायचा म्हणजे नवरा खालच्या पट्टीचा. आज माझे शर्ट लता निवडते आणि मी 'मला काय कळतं' म्हणून घालतो. पण तेव्हा ते नेसवलं म्हणणं चाबकागत लागलं असणार.

"मांडवातच काडला त्येनी," काकू म्हणाल्या. "बंडीवर जेवाया बसले. घरी आल्यावर मला म्हनले, पुन्यांदा मपल्यासाटी काई घिऊ नगंस."

"मग?"

"मंग न्हाई घेतलं. कशाला घिऊ?"

हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

"आणि तो शर्ट?"

"बुजगावन्याला घातला म्हनले." काकूंनी आवाज खाली आणला. "कशाचं बुजगावनं! पेटीत हाय, तळाला. कोयता घिऊन जितं जितं गेलो तितं तितं पेटीबरुबर गेलाय. दर दिवाळीला म्या डांबराच्या गोळ्या बदलती. त्येन्ला वाटतंय मला ठावं न्हाई. कवा कवा पेटीत डोकं घालून सोताशीच म्हनत्यात, 'काय कापड हाय! ह्याला कसर लागत न्हाई!'"

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं.

"पण काकू, नाना ही वाट कशाची बघतात?"

"मीच येकदा म्हनले हुते रं. लोकं हसली म्हून शर्ट का वंगाळ हुतो? आपुन उलीसा आदी घेतला आसंल, बाकीचे मागून येत्याल. ते म्या आपलं समजूत काडाया म्हनलं. तर हे मानूस तवापासून बसलंय, मागचे कवा येत्यात ते बगत. आन् आता तर लई घायकुतीला आलेत." त्यांनी डोळ्यांकडं हात नेला. "काचबिंदू म्हनला डाक्टर. गेल्यालं येनार न्हाई, हाय ते बी हळूहळू जाईल. मला आता समदं झाकाळल्यागत दिसतंय. ह्येंचा चेहरा म्हंजी नुसता डाग. आवाजावरून वळखते."

दारातून बाहेर पडलो तेव्हा मला माझाच इतका राग आला होता, की काखोटीचा शर्ट तिथंच विसरलो.

दुकानात येऊन आधी ते पट्टीचे शर्ट उतरवले. मग पुण्याच्या होलसेलवाल्याला फोन लावून म्हटलं, मोठ्या कॉलरचं, चमकतं, क्लबात चालतं तसलं पाठवा. तो म्हणाला, तुमच्याकडं खपेल का? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय, काढा.

माल आला तो नेमका बाजाराच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नाना आले. परळीहून काही हाती लागलं नसावं, चेहरा उतरलेला होता. पुतळ्यावर काळा सॅटिनचा शर्ट, कॉलर खांद्याकडं पसरलेली. नाना दारातच थबकले.

"सुधाकर, बोटं लाव."

मी लावली. एक, दोन, तीन. चौथं बोट बरोबर टोकाला आलं.

नाना खाली बसले. स्टुलावर, आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं आता म्हणतील, आली. पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी इतकी वर्षं त्यांच्याकडं बघत आलो होतो.

"तू मुद्दाम तर आनली न्हाईस?"

"छे! मी कशाला आणू?"

"लबाड हाईस तू. कुनी घेतला का यातला?"

"अजून नाही."

"मंग आली न्हाई. पुतळ्यानं घातली म्हंजी आली न्हाई. मानसानं घालाया पायजे." आणि उठून गेले.

बघा! संशयाच्या धंद्यात माझा गुरू निघाला. पण त्याच आठवड्यात गणेशच्या हळदीची तयारी सुरू झाली. त्याचे पुण्याचे सोबती असलेच शर्ट घालून येणार, ही बातमी गावात पसरली, आणि मग आमची पोरं कशी मागं राहतील? दोन दिवसांत सगळा माल संपला. पुतळ्याच्या अंगावरचासुद्धा गेला, पुतळा उघडा पडला. नाना रोज येऊन दारात उभे राहायचे आणि कोण काय घेऊन जातंय ते बघायचे. शेवटचा शर्ट गेला तेव्हा त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली.

"आली," म्हणाले. "चहा सांग."

हळद रंगनाथतात्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत होती. दिवस नुकता मावळलेला. मोठा मांडव, डीजे, जनरेटर, आणि खांबावर एक गरगर फिरणारा लाइट. क्लबच तो, फक्त वर शामियाना आणि खाली शेणानं सारवलेलं. पुण्याचे बाउन्सर, त्यांच्यामागं आमची पोरं, सगळ्यांच्या अंगावर कॉलरीच कॉलरी. मी लताला म्हटलं, "कुणी हसलं तर?" ती म्हणाली, "तुम्ही फक्त गप्प बसा."

नाना यायच्या आधी डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मग नाना आले. डोक्यावर टोपी, खाली धोतर, आणि वर तो शर्ट. वांग्याचा रंग, चांदीच्या रेघा, चार बोटांची कॉलर. अंग आता आटलंय, त्यामुळं शर्ट खांद्यावरून उतरत होता. काकूंचा हात धरून त्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः मांडवाच्या मधोमध येऊन उभे राहिले, परीक्षेला बसल्यासारखे.

रंगनाथतात्यांनी बघितलं. डोळे बारीक केले, आणि ओळखला की हो त्यांनी शर्ट! "आरं बन्सी! पुन्यांदा बँडवाला झालास का?"

दोन-चार म्हातारे हसले. नानांचा हात वरच्या बटणाकडं गेला. माझी नजर त्या हातावरच. म्हटलं, काढतो आता, झालं वाटोळं.

तेवढ्यात पुण्याच्या पोरांनी नानांना गराडा घातला. कुणी कॉलर बघतंय, कुणी कापड चाचपतंय. "बाबा, ओरिजनल हाय का हा?" "आता मिळत नाही असला! कुठून घेतला?" डीजे इतक्या जोरात, की नाना सांगतायत ते कुणाला ऐकू येईना. पोरं कानाला हात लावून "काय? काय?" करतायत, नाना मानेच्या शिरा ताणून ओरडतायत. आणि त्याच वेळी जनरेटर बंद पडला. गाणं थांबलं, लाइट गेले, आणि अख्ख्या मांडवात नानांचा एकट्याचा आवाज घुमला.

"बायकोनं घेतलाय!"

रंगनाथतात्यांचं तोंड उघडं ते उघडंच. मग खुर्चीतून काकूंचा आवाज आला, "हळू बोला की वो. डोळे गेलेत, कान न्हाई गेले."

मांडव हसला. पण ते हसणं वेगळं होतं, नानांनाही कळलं. हात बटणावरून खाली आला. ते पोरांना म्हणाले, "मला काय इचारता बे? घेनारीला इचारा. तिची नजर लई पुढची." आणि त्या अंधुक उजेडात ते सगळ्यांना घेऊन काकूंच्या खुर्चीपाशी आले. ती धिप्पाड पोरं काकूंपुढं उकिडवी बसली.

"मावशी, कुठून घेतला हो?"

काकूंनी पदर सावरला. "पट्टा पडला हुता बाबा," त्यांनी सुरुवात केली. "आमी गावाकडं निगालो हुतो. दुकानदार म्हनला, तुमच्याकडं न्हाई चालायचा. म्या म्हनलं..."

जनरेटर धडधडला. लाइट आले. खांबावरचा तो फिरता झोत पोरांच्या डोक्यावरून सरकत नानांवर आला, आणि शर्टातल्या चांदीच्या रेघा एकदम पेटल्या. काकू बोलता बोलता थांबल्या. मान त्या बाजूला वळवली.

"उलीसं हिकडं सरका बरं."

नाना सरकले.

"दिसायलात," काकू म्हणाल्या. "लई दिसानं दिसायलात."

गाणं परत सुरू झालं, पोरं उठून नाचायला गेली. नाना तिथून हलले नाहीत. झोत फिरत फिरत पुढं गेला की ते दोन पावलं पुढं जायचे, मागं आला की मागं यायचे. धोतराचा सोगा हातात, कॉलर ताठ, नजर खांबावरच्या लाइटवर. लाइट सरकला की नाना सरकायचे, आणि काकू खुर्चीत बसून बघायच्या.

रंगनाथतात्या माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बग सुधाकर, म्हातारा कसा नाचायलाय."

मी म्हटलं, "व्हय तात्या. नाचायलाय."